डाग आधीचा

ड्राय क्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या बाईला गिऱ्हाइकं भिंगबाई म्हणत. पाठीमागे, अर्थात, तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? तिच्या गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग लटकलेलं असे. कपडा काउंटरवर पडला की ती तो उलटा करी, कॉलर बघी, काखा बघी, खिशांच्या कडा बघी, आणि डाग सापडला की त्यावर भिंग धरून म्हणे, "या, बघा." गिऱ्हाईक वाकून बघे. मग ती म्हणे, "म्हणा."

काय म्हणायचं ते नव्या माणसाला ठाऊक नसे. मागे उभा असलेला एखादा जुना सांगे, "म्हणा हो, डाग आधीचा आहे. त्याशिवाय त्या कपडा ठेवून घ्यायच्या नाहीत."

"डाग आधीचा आहे," असं गिऱ्हाईक पुटपुटे आणि मगच कपड्याला चिठ्ठी टाचली जाई. याला कारण होतं. फार पूर्वी एका वकिलाने आपल्या कोटावरचा शाईचा डाग दुकानाच्या माथी मारला होता आणि मालकाने चार माणसांदेखत हिलाच बोल लावले होते. तेव्हापासून हिने नियम केला, की ज्याचा डाग त्याने आपल्या तोंडाने कबूल करायचा. पुढे मालक वारला, त्याचा मुलगा गल्ल्यावर बसला, कोळशाच्या इस्त्र्या जाऊन वाफेच्या आल्या, पण नियम हलला नाही.

जन्मभर लोकांचे कपडे उलटे करणाऱ्या माणसाला लोकांबद्दल आदर राहील कसा? वरून कडक इस्त्री आणि आतून कॉलरीला मेणासारखा मळ, हे तिने इतकं पाहिलं होतं की रस्त्याने जाणारा कुणीही तिला अस्तराच्याच बाजूने दिसे. मोठ्या कंपनीतला साहेब बाहीला नाक पुसतो, हे तिला माहीत होतं. भाषण ठोकणाऱ्या बाईंच्या खिशात दाताने कुरतडलेली नखं सापडतात, हेही माहीत होतं. लग्न तिने केलं नाही. दोन स्थळं आली होती. एक बघायला आला तो शर्टाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात घालून, आणि दुसऱ्याच्या खांद्यावर कोंडा होता. "कोंड्याशी संसार करायचा का मी?" असं तिने आईला विचारलं आणि विषय मिटवला.

आई होती तोवर घरात तीन माणसं होती. आई, ही थोरली, आणि हिचा धाकटा भाऊ. धाकट्याला हिनेच दुकानात इस्त्रीवर चिकटवला होता. हात चांगला होता त्याचा, पण लक्ष कुठे होतं? इस्त्रीच्या टेबलावर बोटांनी ताल धरायचा. शेवटी एक दिवस एका फिरत्या वाद्यवृंदाबरोबर ढोलकी बडवायला निघून गेला. धड निरोपसुद्धा घेतला नाही. आणि काही महिन्यांतच आई गेली.

त्या दिवशी गल्लीतले म्हातारे डॉक्टर आतल्या खोलीतून बाहेर आले, मोरीत हात धुतले, आणि टॉवेलला हात पुसत हळू आवाजात म्हणाले, "काळीज पार गेलंय हो तिचं. आता हातात काही नाही."

बस्स. तेवढं एक वाक्य भिंगबाईने जन्मभर उराशी धरलं. काळीज गेलं. पोरगा सोडून गेला आणि आईचं काळीज फाटलं. यात भिंग लावून बघण्यासारखं काय होतं? धाकटा अंत्यविधीला धावत आला तेव्हा तिने त्याला दारातच सांगितलं, "तुझ्यापायी काळीज फाटून गेली ती. डॉक्टर सांगून गेलेत. आता या घरात पाऊल ठेवायचं नाही." धाकटा खाली मान घालून गेला तो गेलाच. पुढे त्याने लग्न केलं, बायको वारली, ढोलकी सुटली, वाद्यं दुरुस्त करायचं एक लहानसं दुकान काढलं, तेही बंद पडलं. सगळं हिच्या कानावर येत होतं. प्रत्येक बातमीला ती एकच म्हणे, "भोगतोय."

मागची आईची खोली तिने बंद करून ठेवली.

आणि आता इतक्या वर्षांनी त्या धाकट्याची मुलगी दुकानात येऊन काउंटरपुढे उभी राहिली. पोरगी बिनबाह्यांच्या जाकिटात, कमरेला पक्कड आणि चिकटपट्टीचं रीळ.

"आत्या, मी तुमच्या भावाची मुलगी."

भिंगबाईने आधी तिच्या जाकिटावरचा वंगणाचा डाग पाहिला, मग तोंड पाहिलं. नाक आईचं होतं. आत्याला अहो-जाहो करणारी भाची म्हणजे परक्याचंच लेकरू, असं ती मनात म्हणाली.

भाचीने भराभरा सांगून टाकलं. ती प्रदर्शनांमध्ये दिवे लावायचं काम करते. सध्या इथल्या संग्रहालयात मानवी शरीराचं प्रदर्शन आलं आहे, त्याचे दिवे तिचे. प्रदर्शन परवा हलणार, पुढच्या शहरात जाणार, आणि तीही ट्रकबरोबर जाणार. "बाबांना म्हटलं माझ्याबरोबर चला. ऐकत नाहीत. म्हणतात, माझ्यामुळे आई गेली, आता उरलेले दिवस तिच्या खोलीत काढीन, तेवढंच प्रायश्चित्त. तुम्ही हो म्हणेपर्यंत ते हलणार नाहीत आणि मी त्यांना एकटं सोडून कशी जाऊ? एकदा भेटा. तुमच्या घरी नको, आमच्याकडे नको, संग्रहालयात या. पास आहेत माझ्याकडे."

"बाप ढोल घेऊन गावोगाव, लेक मुडदे घेऊन," भिंगबाई म्हणाली. "वाण नाही पण गुण लागतोच."

भाची हसली. तिला राग आला नाही याचाच भिंगबाईला राग आला. पण पास तिने ठेवून घेतला.

आणि त्या संध्याकाळी, हे मात्र कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, तिने मागच्या खोलीचं कुलूप काढलं. जळमटं काढली, पडदे धुतले, पलंगावर आईची मोठी चादर धुऊन, कडक वाळवून घातली. धाकट्याला यायला ती नाही म्हणणार नव्हतीच. एकटीच्या घरात ताटलीचा आवाजसुद्धा किती मोठा होतो, हे एकट्यालाच ठाऊक. पण तो यायचा तर तिच्या अटीवर, मान खाली घालून, आधी नीट रडून. त्याने आपल्या तोंडाने म्हटलं पाहिजे, की माझ्यामुळे आई गेली. मग ती म्हणणार, ये. भिंगबाईचा हिशोब साधा होता.

संग्रहालयाच्या दारात पहारेकऱ्याने तिचं मनगट धरून त्यावर निळा शिक्का उमटवला.

"हे काय?" ती म्हणाली.

"आत-बाहेर करायला लागतं, बाई. साबणाने जातो."

"शाईचं तुम्ही मला सांगू नका," असं म्हणून ती आत गेली.

धाकटा आत बाकावर बसला होता. तिने लांबूनच त्याला उलटा करून पाहिला. केस पांढरे, खांदे पडलेले, शर्ट धुतलेला पण इस्त्री उशीखाली ठेवून केलेली, आणि पँटच्या मागच्या खिशाचा टाका उसवलेला. इस्त्रीवर काम केलेला माणूस, लाज वाटायला हवी. तिला पाहताच तो उभा राहिला. वाकून पाया पडावं की नाही, या घोळात तो अर्धवट वाकला आणि तसाच राहिला.

"ताई."

"चल," ती म्हणाली, "बघू काय मांडून ठेवलंय तुझ्या लेकीने."

पहिल्याच दालनात एक माणूस उभा होता, म्हणजे उभा करून ठेवला होता, खराच माणूस, औषधात मुरवलेला. अंगावर कातडी नव्हती. ती त्याने काढून हातावर घेतली होती, जसा पावसाळी कोट घ्यावा तशी. लोक तोंडाला हात लावून बघत होते.

"धुवायला टाकायला आलाय," भिंगबाई म्हणाली. "घडी तरी धड करायची."

धाकट्याला हसू आलं. लगेच त्याने ते गिळलं. लहानपणीही हा असाच हसायचा, आधी हसून मग ताईकडे बघायचा. तिला ते आठवलं आणि नकोसं वाटलं.

पुढे तिने सगळ्या प्रदर्शनाची हजेरी घेतली. एक जोडपं आतड्यांसमोर गालाला गाल लावून फोटो काढत होतं. एक धिप्पाड तरुण स्नायूंच्या पुतळ्यापुढे पोट आत ओढून उभा होता आणि काचेत स्वतःलाच बघत होता. एक गृहस्थ बायकोला छातीच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी ठोकून देत होते, "म्हणून तर बायकांना एक फासळी जास्त असते," आणि बायको मान डोलावत होती, डोळे मात्र पुढच्या काचेवर. पांढरा अंगरखा घातलेली एक मार्गदर्शक मुलगी प्रत्येक कपाटापाशी तेच पाठ केलेलं म्हणत होती. कुणी मध्येच प्रश्न विचारला तर परत पहिल्यापासून सुरू करावं लागत होतं तिला. "पोपट परवडला," भिंगबाई म्हणाली. आणि हे जे काचेआडचे होते, तेही तिला काही फार थोर वाटले नाहीत. एवढं सगळं आत घेऊन फिरतात आणि बाहीला नाक पुसतात.

"माणूस म्हणून काय गर्व करायचा बघ," ती धाकट्याला म्हणाली. "सगळा पसारा. नुसत्या नळ्या आणि चिंध्या."

"हो ताई."

"हो ताई काय? तुझं मत काय आहे?"

"मला चष्म्याशिवाय नीट दिसत नाहीये. दुसऱ्या शर्टाच्या खिशात राहिला."

दुसऱ्या शर्टाच्या खिशात! जग खिशात विसरतं आणि भिंगबाई काढून देते. किल्ल्या, कवळ्या, लग्नाच्या अंगठ्या. हाही त्यातलाच. तिने कपाळाला आठी घातली आणि पुढे चालू लागली.

मग हृदय आलं. त्याला स्वतंत्र कपाट होतं, वरून भाचीने पिवळसर दिवा सोडला होता. मूठभर, राखाडी, वर चार नळ्यांची थोटकं. धाकटा काचेपाशी गेला आणि तिथेच थांबला. इतर सगळीकडे तो तिच्या मागे मागे होता, इथे मात्र तो हलेना. नाक काचेला लागेल इतका वाकला. मागचे लोक कुरकुरून बाजूने पुढे गेले.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "कुठनं फाटलं असेल गं?"

 हाच तो क्षण. याच्यासाठी तर भिंगबाई आली होती. तिने काचेवर बोट टेकवलं, जसं डागावर टेकवायची.

"इथनं," ती म्हणाली.

तिला काय माहीत होतं? काही नाही. पण बोट कसं ठाम टेकलं होतं. धाकट्याने त्या जागेकडे बघून मान हलवली, दोन्ही हात छातीशी जोडले, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिथे, त्या फोटो काढणाऱ्या लोकांमध्ये. "माझ्यामुळे," तो म्हणाला. "माझ्यामुळे गेली ती." रुमाल त्याच्याकडे नव्हता. त्याने बाहीला नाक पुसलं.

म्हणून झालं. त्याने आपल्या तोंडाने म्हटलं. भिंगबाईला वाटलं होतं की आता फार बरं वाटेल, आणि खरंच, थोडं वाटलंही. आता बाहेरच्या बाकावर बसायचं, त्याला पाणी द्यायचं आणि सांगायचं, उद्या सामान घेऊन ये. ती वाक्य मनात घोळवत पुढच्या कपाटाशी गेली आणि सवयीने तिने भिंग उचलून पाटीवर धरलं.

कपाटात दोन तपकिरी गोळे होते. एक मोठा, गुळगुळीत, लुसलुशीत. दुसरा आक्रसलेला, वरून गाठीगाठींचा, वाळलेल्या चिखलासारखा भेगाळलेला. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'यकृत'. त्याखाली लहान अक्षरांत, 'बोलीभाषेत यालाच काळीज म्हणतात.'

तिने भिंग पुसून पुन्हा वाचलं.

काळीज. खाटकाच्या दुकानात काळीज कशाला म्हणतात ते तिलाही माहीत होतं, ती काही आकाशातून पडली नव्हती. पण ते बकऱ्याचं! माणसाचं काळीज म्हणजे जे फाटतं, पिळवटतं, जे आईचं असतं, ते. माणसाच्या काळजाला कुणी यकृत म्हणेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि म्हातारे डॉक्टर, ज्यांनी आयुष्यात कधी अलंकारिक बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं, ज्यांनी मोरीत हात धुऊन टॉवेलला पुसले होते, ते म्हणाले होते, काळीज पार गेलंय.

पाटीवर पुढेही मजकूर होता. तो तिने वाचायला नको होता, पण डाग दिसला की शेवटपर्यंत बघायची सवय. डावीकडचं निरोगी, उजवीकडचं खराब. खराब व्हायला बरीच वर्षं लागतात. अंगाला सतत खाज सुटते. पोटात पाणी होतं. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, घामानेसुद्धा कपड्यांवर पिवळे डाग पडू शकतात.

चादरी.

तिच्या डोळ्यांपुढे मोरीतल्या चादरी आल्या. आईच्या चादरी आणि उशांचे अभ्रे, पिवळट डागांचे. तेव्हा तिने त्यांना काय नाही लावलं! दुकानातून औषध आणलं, रात्रभर भिजवलं, उन्हात टाकलं. निघेनात म्हणून आईवरच वैतागली होती, "कसलं तेल चोपडतेस गं?" आई म्हणाली होती, "दिव्याचा उजेडच पिवळा आहे तुझ्या." आणि त्या ओल्या जड चादरी पिळायच्या कशा? एकटीला झेपत नसत. एक टोक ती धरायची आणि दुसरं टोक धाकटा धरायचा, उलट्या दिशेला पीळ घालायचा आणि मध्येच मुद्दाम सोडून द्यायचा, की ही मागे भिंतीवर आपटायची. आणि आई आतून ओरडायची, "अरे, कंगवा घेऊन ये, पाठ खाजव माझी." आणि तो जायचा.

म्हणजे तो घरात होता. डाग पडत होते तेव्हा तो घरात होता. वाद्यवृंद नाही, ढोलकी नाही, काही नाही. आई आतून वाळत चालली होती आणि तो तिच्यासमोर बसून कंगव्याने तिची पाठ खाजवत होता.

सगळ्या जगाचे डाग वाचणारी बाई, आणि आपल्या मोरीतला वाचता आला नाही. तिला स्वतःची किळस आली. वकिलाने तरी एका कोटापुरताच आळ घेतला होता.

"ताई." धाकटा मागे येऊन उभा होता, डोळे लाल, चेहरा हलका झालेला, जसा रडून झाल्यावर होतो. "हे काय आहे? काय लिहिलंय?"

तिने पाटीकडे पाहिलं. मोठ्या अक्षरांतला शब्द तेवढा वाचला.

"यकृत."

"आणि खाली? खाली बारीक काहीतरी आहे."

काहीच नाही, असं म्हणता आलं असतं. त्याला दिसत नव्हतं. चष्मा दुसऱ्या शर्टात होता. तो तसाच तिच्या मागे घरी आला असता, आईच्या खोलीत राहिला असता, मान खाली घालून, हो ताई, हो ताई करत, शेवटपर्यंत. खोली तयार होती. चादर घातलेली होती. आणि कुणाला कळणार होतं? पोपट पोरगी दुसऱ्या कपाटापाशी होती. भाची वर शिडीवर चढून दिवा सरळ करत होती.

भिंगबाईने गळ्यातली दोरी काढली आणि भिंग त्याच्या हातात दिलं.

"बघ," ती म्हणाली.

तो वाकला. भिंग मागेपुढे करत त्याला अक्षरन् अक्षर जुळवत वाचावं लागलं. 'बोलीभाषेत यालाच' इथपर्यंत तो ओठ हलवत वाचत होता. पुढचा शब्द त्याने वाचला आणि ओठ थांबले. तो पाटीच्या शेवटापर्यंत गेला. मग परत वर आला.

"ताई, डॉक्टर काय म्हणाले होते? नक्की काय शब्द होते?"

"काळीज पार गेलंय, म्हणाले."

"फाटलंय नाही म्हणाले?"

"फाटलंय मी म्हटलं."

लोक येत होते, जात होते. कुणीतरी म्हणालं, "जरा सरका, काका." तो सरकला नाही.

भिंगबाई ताठ उभी राहिली, काउंटरच्या पलीकडे गिऱ्हाईक उभं राहतं तशी, आणि जे वाक्य तिने जन्मभर दुसऱ्यांकडून म्हणून घेतलं होतं ते म्हणाली.

"डाग आधीचा आहे."

दुकानात काम केलेला माणूस तो. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याने भिंगाची काच शर्टाला पुसली, दोरी नीट गुंडाळली आणि ते तिच्या हातात परत दिलं.

"कंगव्याने पाठ खाजवायचो मी तिची," तो म्हणाला.

"हो."

"चादरी तू धुवायचीस."

"हो."

"पोरीच्या जन्माच्या वेळीसुद्धा मला वाटलं होतं, मी कुठल्या तोंडाने बाप होतोय. आईला मारलेला माणूस." तो ओरडला नाही. त्याचा आवाजही चढला नाही. "सगळ्या गावाचे डाग वाचतेस तू, ताई."

आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. ही नजर भिंगबाईला चांगली ओळखीची होती. कपडा उलटा केल्यावर, काखेतला पिवळा पट्टा दिसल्यावर, ती स्वतः ज्या नजरेने गिऱ्हाइकाकडे बघायची, तीच. तिने ती अंगावर घेतली. काय करणार? चूक काढायला जागाच नव्हती.

"खोली झाडून ठेवलीय," ती म्हणाली. तिला कळत होतं की हे आता बोलू नये, पण बोलून गेली. "चादर घातलीय. उद्याच ये म्हणणार होते मी."

"आता तिथे येऊन काय करू?" तो म्हणाला. खोचकपणे नाही, खरंच विचारल्यासारखं.

भाची शिडीवरून उतरून हात पुसत आली. दोघांच्या तोंडाकडे बघून तिला काही उमगेना. "काय ठरलं?"

"तुझ्या ट्रकमध्ये पुढे दोघांना जागा असते का गं?" धाकट्याने विचारलं.

"असते की."

"मग मी येतो."

भाचीने आत्याकडे पाहिलं. तिला वाटलं आत्याने पुन्हा नाही म्हटलं असणार, आणि तिच्या तोंडावर ते स्पष्ट दिसलं. भिंगबाईने ते दुरुस्त केलं नाही. निघताना धाकट्याने वाकून तिच्या पायांना हात लावला, या खेपेला पूर्ण वाकून. ते थोरल्या बहिणीच्या पाया पडणं होतं, बाकी त्यात काही नव्हतं. त्याच्या मागच्या खिशाचा उसवलेला टाका तिच्या डोळ्यांसमोर आला. ओठांवर आलं होतं, थांब, शिवून देते. तो लेकीबरोबर कातडीवाल्या माणसाच्या दालनातून बाहेर पडला.

घरी आल्यावर तिने आधी मनगट धुतलं. शिक्का साध्या साबणाने गेला, पहारेकरी म्हणाला होता तसाच.

मग ती मागच्या खोलीत गेली आणि पलंगावरची चादर ओढून काढली. तिच्यावर कुणी झोपलं नव्हतं, एक सुरकुतीसुद्धा नव्हती. तिने ती मोरीत नेऊन भिजवली, घासली आणि निथळायला धरली. मोठी चादर एकट्याने पिळता येत नाही. तिने एक टोक नळाला बांधलं आणि दुसऱ्या टोकाने पीळ घालत राहिली.